लहान लाकडी कपाटाला बिजागऱ्या कुठल्या घ्याव्यात? सल्ला हवा

मांद्र्याची_लेक:
नमस्कार मंडळी. जुन्या घराच्या दुरुस्तीत सागवानाच्या बऱ्यापैकी फळ्या निघाल्या, त्यातून बाबांच्या औषधांसाठी भिंतीवरचं छोटं कपाट करतेय. दार एकच, १० इंच रुंद आणि १४ इंच उंच, जाडी १५ मिमी. दार चौकटीच्या आत बसणारं आहे, बंद केलं की समोरून सपाट दिसायला हवं. आता गाडी अडलीय बिजागऱ्यांवर. म्हापशाच्या बाजारात दुकानदाराने ढीग समोर टाकला, पितळी, स्टीलच्या, ऑटो, पियानो, सगळं बघून डोकं गरगरलं. समुद्र जवळ असल्यामुळे आमच्याकडे लोखंड टिकतच नाही. कुठल्या घेऊ आणि बसवू कशा?

रंधा_पटाशी (डिचोली):
ताई, डोळे मिटून भरीव पितळेच्या साध्या बट बिजागऱ्या (मधल्या पिनेवर फिरणाऱ्या दोन सपाट पानांच्या) घ्या, दीड इंची दोन पुरे, एवढ्या दाराला तिसरी नको. फक्त दुकानात जाताना छोटं लोहचुंबक घेऊन जा, कारण पितळी म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी लोखंडावर नुसतं पाणी चढवलेल्या असतात, एकदोन पावसाळ्यात खाली गंज दिसायला लागतो आणि सागवानावर काळे डाग पडतात ते वेगळेच. चुंबक पानाला चिकटलं तर ठेवून द्या. मधल्या पिनेला चिकटलं तर पिन लोखंडी आहे, तीही पितळी किंवा स्टेनलेस मिळाली तर उत्तम. पान हातात घेऊन जाडी बघा, पत्र्यासारखं वाकणारं नको. आणि बिजागरी उघडून नळीत हलवून बघा, आत्ताच खुळखुळत असेल तर दार पुढे लोंबणार.

मडगावकर_२:
मी तर म्हणेन ऑटो हिंज लाव, म्हणजे वाटी दारात आणि हात कपाटाच्या आत बसतो ती बिजागरी. पुढेमागे, वरखाली, सगळं स्क्रूने ॲडजस्ट होतं, दार थोडं वाकडं झालं तरी चालतं, सॉफ्ट क्लोज घेतलीस तर आवाजही नाही. आत बसणाऱ्या दाराला जास्त क्रँकची, म्हणजे हाताला जास्त बाक असलेली लागते, दुकानात पंधरा-सोळा क्रँक सांग, नाहीतर झिरो क्रँकची हातात देतील आणि ती या दाराला चालणारच नाही.

रंधा_पटाशी (डिचोली):
दादा, किचनच्या प्लायच्या कपाटाला तुमचं अगदी बरोबर, पण इथे दार १५ मिमीचं आहे. ऑटोच्या वाटीला ३५ मिमी व्यासाचा आणि साधारण १२ मिमी खोल खड्डा लागतो, म्हणजे मागे जेमतेम ३ मिमी लाकूड उरणार, जुनं सागवान आहे, एखादी रेघ गेली की संपलं. शिवाय एवढ्याशा कपाटात तो लोखंडी हात आतली जागा खातो, औषधाच्या बाटल्या ठेवायच्या कुठे?

मांद्र्याची_लेक:
हो, आत जागा कमीच आहे, मग पितळीच घेते. स्टेनलेस स्टीलच्या बघू का? दुकानदार म्हणाला चुंबक लावून बघा, चिकटत नाही म्हणजे अस्सल.

रंधा_पटाशी (डिचोली):
स्टीलमध्ये चुंबकावर जाऊ नका. ३०४ ग्रेडचं स्टील चिकटत नाही तसं स्वस्तातलं २०२ ग्रेडचं पण चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत २०२ लवकर गंजतं. पानावर ३०४ चा शिक्का असेल तरच घ्या.

आता बसवण्याचं सांगतो. बिजागरी वरच्या कडेपासून स्वतःच्या लांबीएवढी खाली ठेवा, खालची तशीच वर. पान बसवायच्या खाचेसाठी पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघ मारा, पटाशी त्या रेघेत आपोआप बसते. खाच पानाच्या जाडीएवढीच खोल करा. जास्त खोल गेली तर दार बंद होताना बिजागरीकडेच अडतं आणि सोडलं की स्प्रिंगसारखं परत उघडतं, मग पानाखाली पत्त्याच्या जाड कागदाची पट्टी घालून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. स्क्रूचं डोकं वर राहिलं तरी हाच त्रास होतो.

स्क्रूचं मात्र नीट वाचा. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. टोच्याने मध्य पाडा, २ मिमीच्या ड्रिलने भोक करा, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी आत घालून परत काढा, आटे तयार होतात, त्यानंतर पितळी स्क्रूला मेणबत्ती चोळून हाताच्याच पेचकसने बसवा. साबण लावू नका, तो ओल धरतो. पहिल्यांदा प्रत्येक पानाला एकच स्क्रू मारा, दार उघडझाप करून बघा, सगळं बरोबर वाटलं की बाकीचे.

डोंगरी_सुतारकाम (सत्तरी):
एक पुरवणी. भोक मोठं झालं तर बांबूची काडी गोंद लावून ठोका, सुकली की कापून टाका आणि परत भोक पाडा.

मांद्र्याची_लेक:
देव बरें करूं, केवढं समजावून सांगितलंत! शेवटचं एकच, दाराच्या भोवती फट किती सोडू? पाऊस सुरू व्हायच्या आत लटकवायचा विचार आहे.

रंधा_पटाशी (डिचोली):
लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे तुमच्या दाराची उंची तशीच राहील, रुंदी वाढेल. सलग फळी असेल तर १० इंचात मे ते जुलैमध्ये दोन-एक मिलिमीटर फरक सहज पडतो. आत्ता कोरड्या दिवसांत बसवताय तर वरखाली १ मिमी ठेवा आणि कडीच्या बाजूला अडीच ते तीन. पावसाळ्यात बसवलं असतं तर तिथेही १ मिमी पुरला असता, लाकूड आधीच फुगलेलं असतं. बिजागऱ्या परत काढून पॉलिश किंवा तेल सगळ्या बाजूंना द्या, वरची-खालची कड आणि खाचेच्या आतसुद्धा. नुसतं समोरून पॉलिश केलेलं दार ओल एकाच बाजूने पितं आणि वाकतं.