मार्गारेट आणि पेगी एकच का?

प्रश्न (दापोली): कॅम्पातल्या ब्रिटिशकालीन थडग्यांची यादी करतेय. दगडावर ‘मार्गारेट’, पत्रात ‘पेगी’. एकच बाई असेल?

उत्तर (वेंगुर्ले): असू शकते, ताई. इंग्रज आधी नाव तोडत, मग पहिलं अक्षर बदलून यमक जुळवत: मार्गारेट–मेग–पेग (त्याचंच पेगी), रॉबर्ट–रॉब–बॉब, रिचर्ड–रिक–डिक, विल्यम–विल–बिल, मेरी–मॉली–पॉली. पण नुसत्या यमकावरून नोंदी एकत्र करू नका. आडनाव, मृत्यूची तारीख, नवऱ्याचं नाव जुळायलाच हवं. नेलचा तर मोठाच घोळ. एलेनॉर, एलेन, हेलेन, तिघींचंही नेल होतं.

उत्तर (मालवण): एडवर्ड, एडमंड ही फार जुनी, जोडनावं. ‘एड’ म्हणजे संपत्ती, ‘वर्ड’ राखणदार, ‘मंड’ रक्षण. त्या काळी यमक नव्हे, भावंडांच्या नावांची सुरुवात जुळवत. नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाचे भाऊच बघा: एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड.