मोमेंट फोर्क करण्याआधी

दादरच्या नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीसाठी मोमेंट-जेएस (जावास्क्रिप्टमध्ये तारीख-वेळ हाताळणारी लायब्ररी) फोर्क करून, म्हणजे तिच्या कोडची आपली वेगळी प्रत काढून, सांभाळू, असं एकाने सुचवलंय. मला पटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मूळ मंडळींनीच नव्या सुविधा थांबवल्याचं जाहीर केलं. फोर्क केलंत की पुढची प्रत्येक दुरुस्ती तुमच्या गळ्यात.

त्याऐवजी तेच काम करणारी डे-जेएस लायब्ररी घ्या. तारीख कशी दाखवायची ते सांगणारी फॉरमॅटची अक्षरं बहुतांशी तीच. खरी मेख तारखेत दिवस-तास मिळवणाऱ्या 'ॲड'मध्ये आहे: मोमेंट मूळ तारीखच बदलतं, डे-जेएस नवी तारीख परत देतं. ती व्हेरिएबलमध्ये घेतली नाहीत तर एरर येत नाही, तारीख मात्र जुनीच राहते आणि प्रेक्षकाच्या हाती चुकीच्या प्रयोगाचं तिकीट पडतं! अशा ओळी आधी ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) शोधून त्यांच्या टेस्ट लिहा. 'एशिया/कोलकाता' या भारतीय वेळेसाठी डे-जेएसचे यूटीसी आणि टाइमझोन दोन्ही प्लगइन (जोड-भाग) लागतील. मोमेंटचा फोर्क तातडीच्या पॅचपुरताच (छोट्या दुरुस्तीपुरताच), तोही कमिट-हॅशला पिन करून, म्हणजे कोडच्या एका ठराविक आवृत्तीलाच बांधून.