साहेबांना सांगितलं होतं, पण पोच कुठाय? (नोकरीतल्या तक्रारींचे अनुभव)

भोसरीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं चार महिने लेथवर काम केलं. मार्च २०१८ मध्ये नोकरी सोडली आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल सोडताना मिळणारी रक्कम, मागितली. "पुढच्या आठवड्यात या" असं आठ महिने चाललं. दर वेळी केबिनबाहेरच्या बाकावर बसायचो, चहा यायचा, साहेब खांद्यावर हात ठेवायचे, मी परत यायचो. वाटायचं, इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लंय, कागद कशाला करायचा?

शेवटी युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न: "पोच आहे का?" नव्हती. त्यांनी माझ्याच पगारचिठ्ठीच्या पाठीमागे हिशेब मांडला. मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,२०० रुपये, भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११ वर्षं. झाले १,१५,५०० रुपये. वरचे चार महिने धरत नाहीत, सहाच्या वर गेले असते तर बारा वर्षं धरली असती. ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, नमुना 'आय', भरून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती सहीशिक्का होऊन आली. तीस दिवसांत पैसे आले नाहीत, म्हणून नमुना 'एन' घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज केला. दुसऱ्याच तारखेला कंपनीचा माणूस धनादेश घेऊन हजर. उशिराचं दहा टक्के सरळ व्याजही मिळालं.

आठ महिन्यांच्या चहाने जे झालं नाही, ते त्या एका पोचपावतीने झालं. तेव्हापासून कुणी अडचण सांगितली की मीही तेच विचारतो.

तुमचे अनुभव लिहा. जिंकलेले, हरलेले, अर्ध्यात सोडलेलेही. मालकांनी, एचआरवाल्यांनीही लिहावं, त्यांची बाजू कुणी विचारत नाही. कंपनीचं नाव नको. साल मात्र आवर्जून लिहा, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. जुन्या अनुभवातला नमुना किंवा मुदत डोळे झाकून वापरू नका, आधी कार्यालयात विचारा.

चाकण, कंत्राटी कामगार

काका, माझं २०२१ चं. मी लातूरकडचा, ठेकेदारामार्फत लागलो. पगारातून पीएफ कापायचे. एकदा मोबाईलवर पासबुक उघडलं तर सात महिने रकाना कोरा. ठेकेदार म्हणाला, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाकली, सोबत सातही पगारचिठ्ठ्यांचे फोटो जोडले. एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरला दिली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मागितला. त्यांनी ठेकेदाराचं बिलच अडवलं. ठेकेदाराने भरलं नाही तर ते मूळ कंपनीवर येतं, हे त्यांना ठाऊक होतं. दोन महिन्यांत सगळा भरणा झाला.

माझ्या खोलीतला पोरगा रोख पगार घ्यायचा. त्याला चिठ्ठीच नव्हती. त्याचं काहीच झालं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

नाशिक, परिचारिका

खासगी रुग्णालयात रुजू होताना माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. दुसरीकडे नोकरी मिळाली, तर परत देईनात. "वर्ष पूर्ण करा, मग बघू." माझ्यासारख्या अजून सात जणी निघाल्या. आम्ही एकच अर्ज लिहिला आणि सह्या गोलात केल्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळू नये. आवक विभागातल्या बाईंनी शिक्का द्यायला नकार दिला. मग तोच अर्ज काउंटरवरूनच, त्यांच्यासमोर, ईमेल केला. पाचव्या दिवशी मेट्रनने एकेकीला बोलावून पाकीट हातात दिलं. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेला वाळवी लागली होती. ते पाकीट उघडताना मला रडू फुटलं.

हिंजवडी, आयटी

हे लिहायला मला चार वर्षं लागली. आमच्या टीम लीडचं बोलणं, रात्रीचे मेसेज, मीटिंगनंतर थांबवून ठेवणं. मी कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार केली. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, मी चौथ्या आठवड्यात केली. समितीने विचारलं, "तारीख? वेळ?" माझ्या डोक्यात सगळं एकात एक मिसळलेलं. पण दर वेळी घरी जाताना बसमधून मी ताईला मेसेज करायचे, "आज परत तेच झालं" आणि काय झालं ते. त्या मेसेजवर तारीख-वेळ होती. ताईने सगळे काढून दिले. समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाईंनी ते एकेक वाचले, मान वर न करता.

चौकशी नव्वद दिवसांच्या आत संपली. त्याची लेखी माफी आली, पगारवाढ रोखली, विभाग बदलला. न्याय झाला असं म्हणेन. पण ज्या चौघींबरोबर रोज चहाला जायचे, त्या जायच्या बंद झाल्या. याची तयारी कुणी करून देत नाही, म्हणून लिहितेय. समितीकडे जाणाऱ्या मुलीबरोबर कुणीतरी चहाला जात जा.

कोल्हापूर, कारखानदार

काका, तुम्ही मालकांनाही बोलावलंत, म्हणून लिहितो. माझ्याकडे सव्वीस माणसं. २०१७ मध्ये एका जुन्या मोल्डरने जादा कामाच्या पैशांसाठी कामगार कार्यालयात अर्ज दिला. मला फार लागलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी उचल दिली होती, हा माणूस माझ्यावर तक्रार करतो?

तारखेला तो घरचं कॅलेंडर घेऊन आला. दुधाच्या लिटरच्या आकड्यांशेजारी, त्याच चौकटीत, पेन्सिलने तास लिहिलेले: दोन, साडेतीन, दोन. दोन वर्षांचे. माझ्याकडे जादा तासांचं रजिस्टरच नव्हतं. मी सरळ दराने पैसे देत होतो, कायद्याने दुप्पट द्यायला हवे होते. अधिकाऱ्यांनी दोघांना बाहेर बसवलं आणि आधी आपसात बोलून बघा म्हणाले. व्हरांड्यात तो म्हणाला, "मालक, मी तीनदा सांगितलं होतं तुम्हाला." खरंच सांगितलं होतं. मी "हो बघू" म्हणालो होतो, तिन्ही वेळा.

फरक दोन हप्त्यांत दिला, त्याचा आणि सगळ्यांचा. तो अजून माझ्याकडेच आहे.

औरंगाबाद, माजी सुपरवायझर

२०१४. केबिनमध्ये तिघांनी बसवून राजीनामा लिहून घेतला. घरी येऊन गप्प बसलो, लाज वाटत होती. चार वर्षांनी वकिलांकडे गेलो. कामावरून काढल्याच्या वादाला तीन वर्षांची मुदत होती. ते असंही म्हणाले, की हुद्दा सुपरवायझरचा असला तरी मी स्वतः मशीन चालवत होतो, त्यामुळे कामगार म्हणून दाद मागता आली असती. दुसऱ्या दिवशी एवढी एकच ओळ लिहून पाठवायला हवी होती: "काल माझ्याकडून राजीनामा जबरदस्तीने घेतला."

> दादा, हे लिहिलंत, फार मोलाचं आहे. सध्या या प्रसंगातून जाणाऱ्यांनी ती ओळ आजच पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही.

डोंबिवली

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. तिच्याकडे ना नेमणुकीचं पत्र, ना शिक्का, ना पोच. आजारी पडली की खाडा कापायचे. २०२२ मध्ये त्या इमारतीत काम करणाऱ्या सहा बायका जिन्यात बसून ठरवून आल्या: महिन्याला दोन सुट्ट्या पगारी, सगळ्या घरी, नाहीतर एकीच्या जागी दुसरी कामाला जाणार नाही. तीन घरांनी लगेच मान्य केलं. चौथ्या घरच्या काकूंनी आठवडाभर स्वतः भांडी घासली, मग हो म्हणाल्या.

आईला लिहिता येत नाही. त्या दोन तारखांना ती आमच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने फुली करते.