क्वांटममधलं रँडम खरंच रँडम आहे की फक्त आपल्याला माहीत नाही?

टीवाय_वाला: मंडळी एक बेसिक डाऊट आहे, हसू नका. छापा-काटा पण रँडमच म्हणतो ना आपण, पण नाणं किती जोरात उडवलं, किती गिरक्या घेतल्या सगळं कळलं तर काय पडणार ते आधीच सांगता येईल. मग फोटॉन (प्रकाशाचा कण) पोलरायझरमधून, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच सोडणाऱ्या काचेतून, जाणार की अडणार यालाच "मुळातच रँडम" का म्हणायचं? आत काहीतरी लपलेलं असेल, आपल्याला दिसत नसेल इतकंच. १९२६ ला मॅक्स बॉर्न या शास्त्रज्ञाने क्वांटममध्ये प्रॉबॅबिलिटी आणली तेव्हा आइनस्टाइनला पण कुठे पटलं होतं. सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला येत नाही.

चहाबाज: माणूस बघतो तेव्हाच ठरतं ना ते? चेतनेचा काहीतरी संबंध आहे असं ऐकलंय

जुना_लॅबवाला: चेतना राहू दे बाजूला, कुलूप लावलेल्या खोलीत डिटेक्टर रात्रभर एकटा क्लिक नोंदवत बसतो, आपण सकाळी येऊन फाइल उघडतो. मेजरमेंट म्हणजे कुणी बघणं नाही.

टीवायवाल्या, तू आधी हे करून बघ. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन आणि दोन पोलराइज्ड गॉगल घे (थ्रीडी सिनेमाचा चष्मा नको, तो बऱ्याचदा वेगळ्या, सर्क्युलर प्रकारचा असतो). एक गॉगल फिरवत फिरवत स्क्रीन काळी कर. आता तो तसाच धरून मध्ये दुसरा ४५ अंशात सरकव, उजेड परत येतो! अडवणारी काच वाढवली आणि प्रकाश वाढला. आदर्श फिल्टर असतील तर स्क्रीनच्या उजेडाचा पाव भाग. मधल्या काचेने फोटॉनची आधीची दिशा पुसून नवी दिली, म्हणजे मोजणं हे नुसतं आत लिहिलेलं वाचणं नाहीये, ते फोटॉनलाच बदलतं. अर्थात रँडम का ते यातून सिद्ध होत नाही, त्याला जॉन बेल या शास्त्रज्ञाचा युक्तिवाद लागतो.

अर्धा_स्पिन: बेल मी सांगतो. एंटँगल्ड, म्हणजे उत्तरं एकमेकांशी बांधलेली असलेल्या, फोटॉनची जोडी घे, दोघांपुढे एकाच कोनात फिल्टर ठेवले की दर वेळी एकच उत्तर, दोघंही पार नाहीतर दोघंही अडले. तुझ्या म्हणण्याप्रमाणे निघतानाच दोघांच्या खिशात सारखी चिठ्ठी असणार, ० ला काय करायचं, ६० ला काय, १२० ला काय. पण प्रश्न तीन आणि उत्तरं दोनच, म्हणजे कुठल्याही चिठ्ठीवर निदान दोन उत्तरं सारखी येणारच. त्यामुळे दोन बाजूंना वेगवेगळे कोन लावले तर उत्तरं जुळायचं प्रमाण सरासरी १/३ च्या खाली जाऊच शकत नाही. क्वांटम म्हणतं कॉस स्क्वेअर ६०, म्हणजे १/४. बेलने १९६४ ला नेमकं इथेच बोट ठेवलं. मग १९८२ ला अ‍ॅलन आस्पे या शास्त्रज्ञाने फ्रान्समधल्या ओर्सेला, २०१५ ला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये इलेक्ट्रॉन १.३ किलोमीटर लांब ठेवून, याच जातकुळीचे प्रयोग झाले आणि चिठ्ठीवाले हरले. २०२२ चं नोबेल यालाच.

टीवाय_वाला: मग लपलेलं काहीच नाही, विषय संपला?

अर्धा_स्पिन: नाही रे, फक्त "ज्याची त्याची चिठ्ठी" संपली. डेव्हिड बोम या शास्त्रज्ञाच्या १९५२ च्या मांडणीत सगळं ठरलेलंच असतं, फक्त इकडचा फिल्टर फिरवला की तिकडच्या फोटॉनवर तत्क्षणी परिणाम होतो असं मानावं लागतं (तरी त्यातून मेसेज पाठवता येत नाही). आकडे तेच येतात. म्हणून "रँडमनेस सिद्ध झालाय" असं कुणी एका वाक्यात ठोकून दिलं की माझं डोकं फिरतं.

टीवाय_वाला: आठही चिठ्ठ्या लिहून बघितल्या, दोन चिठ्ठ्यांत तिन्ही उत्तरं सारखी म्हणून १०० टक्के जुळतात, बाकी सहांत बरोब्बर १/३. पाव काही केल्या येत नाही. गॉगल मात्र घरात एकच आहे, दुसरा उद्या मित्राकडून आणतो.