एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रानंतर प्राध्यापक व्हायचंय: सेट, नेट, पीएच.डी. यांचा क्रम काय?

रानवाटा
एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू आहे. कॉलेजात शिकवायचं हे पक्कं. आधी सेट-नेट (राज्य आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की थेट पीएच.डी.ला लागावं? आणि परीक्षेच्या तयारीत प्रयोगशाळा सुटते, ती कशी धरून ठेवायची?

पेशीभित्ती
आधी नेट. सीएसआयआरचा (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा) लाइफ सायन्सेसचा पेपर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र सगळ्यांना एकच असतो. तीन तास, २०० गुण. अ भागात २० पैकी १५ आणि ब भागात ५० पैकी ३५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. क भागात ७५ पैकी २५, प्रत्येकी ४ गुण, म्हणजे निम्मा पेपर तिथेच. चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. वनस्पतिशास्त्राची मुलं बहुधा क भागात अडकतात, कारण तिथे व्याख्या विचारत नाहीत, प्रयोगाचा आलेख देऊन निष्कर्ष विचारतात. अभ्यासक्रमाचे १३ घटक आहेत. सगळे वरवर वाचण्यापेक्षा सहा-सात मुळापासून करा, त्यात रेण्वीय जीवशास्त्र हवंच.

सेट सोबतच द्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येकी २ गुण. चुकीचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तासिका
क्रमाबद्दल थोडी भर. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट पुरते. पण सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागतेच, आणि मुलाखतीतही तिचं वजन पडतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. नेटमध्ये नुसती पीएच.डी. प्रवेशापुरती पात्रता मिळाली तर ती एकच वर्ष चालते, तेव्हा मार्गदर्शक आधीच शोधून ठेवा. प्रयोगशाळा निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारा: प्रबंधाला किती वर्षं लागली, आणि रसायनं वेळेवर येतात का.

कायम पदाला सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. पण जागा निघेपर्यंत अनेकांना सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवावं लागतं. तिथे तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. हा काळ धरूनच घरचा हिशोब मांडा. नियुक्तिपत्र आणि विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र दरवर्षी मागून घ्या, नंतर मिळवणं फार अवघड जातं.

मूलाग्र
प्रयोगशाळा धरून ठेवायची तर कांद्याच्या मुळापासून सुरू करा, खर्च जवळपास नाहीच. कांद्याचा फक्त तळ पाण्याला टेकवा. दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. ती सकाळी तोडून लगेच तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये २४ तास ठेवा. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशाला ५ ते ८ मिनिटं, आणि पाण्याने धुवा. टोकाचा फक्त १-२ मिलिमीटर घेऊन ॲसिटोकार्मिन लावा आणि कव्हरस्लिपवर पेन्सिलीने हलके ठोके द्या. विभाजन दिसत नसेल तर बहुतेक वेळा टोकाऐवजी वरचा, पेशी नुसत्या लांबतात तो भाग घेतलेला असतो. पेशी एकावर एक चढल्या तर ॲसिडमधला वेळ कमी पडला. मध्यावस्थेत १६ गुणसूत्रं मोजता आली की स्लाइड जमली.

त्यापुढे कॉलेजच्या कुंडीतला रिओ, ते शोभेचं झाड, घ्या. त्याच्या परागमातृपेशींत (ज्यांपासून परागकण बनतात) १२ गुणसूत्रं एकमेकांना टोकाने जोडून वलय करतात. पुस्तकातलं स्थानांतरण, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, डोळ्यांसमोर दिसतं, आणि नेटच्या क भागातला तो प्रश्न पाठ करावा लागत नाही.

रानवाटा
रिओ आमच्या विभागासमोरच आहे. कळी किती कोवळी घ्यायची?

मूलाग्र
झुबक्यातल्या सगळ्यात बारीक कळीपासून क्रमाने एकेक उघडत जा. परागकोश पांढुरके, अर्धपारदर्शक हवेत. पिवळे दिसले तर परागकण तयार झाले, ती कळी सोडा.