मदत हवी आहे: मुलं बाहेरगावी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ३ बीएचके विकावा का?

मोगरा_६०: कोथरूडला जुन्या सोसायटीत ३ बीएचके आहे, फक्त यजमानांच्या नावावर. १९९९ मध्ये ९ लाखांना घेतला. वयं ६४ आणि ६०. मुलगी बंगळूरला, मुलगा जर्मनीत, दोघंही परतणार नाहीत. दोन खोल्या बंदच असतात, जिने आता जड जातात. १ कोटी ४० लाख येतील असं एजंट म्हणतो. ९५ लाखांत लिफ्टचा तयार २ बीएचके घ्यावा, उरलेले ४५ लाख एफडीत टाकावेत असा विचार आहे. नवीन घर माझ्या एकटीच्या नावावर घ्या, एक टक्का वाचेल, असंही तो सुचवतो. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. मुलाचं नाव आताच घालावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

हिशेबनीस: ताई, आधी ते ४५ लाख कागदावर तपासू.

विक्रीच्या नफ्यावर कर बसतो. घर २००१ पूर्वीचं असल्यामुळे तो काढताना खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून दाखला घ्या. तो भाव त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा १२ लाख निघाला. कर दोन मार्गांनी काढून कमी तो भरायचा. महागाई निर्देशांक न लावता नफा १२८ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १६ लाख. निर्देशांक लावून (२०२५-२६ चा ३७६) किंमत ४५.१२ लाख, नफा ९४.८८ लाख, २० टक्क्यांनी जवळपास १९ लाख. म्हणजे नवीन घराची सूट धरण्याआधी १२.५ चा मार्ग स्वस्त.

आता सूट (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ५४). नवीन घरात किती गुंतवलं ते *नफ्यातून* वजा होतं. ९५ लाखांवर पुण्यात ७ टक्के मुद्रांक ६.६५ लाख, नोंदणी ३० हजार, मिळून सुमारे १०२ लाख. १२.५ च्या मार्गाने उरला २६ लाख नफा. त्यावर सव्वातीन लाख कर आणि वर ४ टक्के सेस (अधिभार). निर्देशांकाच्या मार्गाने मात्र ९४.८८ लाखांचा सगळा नफा सुटीत बसतो, कर शून्य; म्हणून सूट धरून दोन्ही मार्ग सनदी लेखापालाकडून काढून घ्या. १२.५ च्या मार्गाचा कर बसतच असेल आणि तो नको असेल तर विक्रीपासून सहा महिन्यांत २६ लाख भांडवली नफ्याच्या रोख्यांत (कमाल ५० लाख) ठेवायचे, पाच वर्षं हात लावायचा नाही.

मग हातात काय? १४० वजा १०२, म्हणजे ३८ लाख; रोखे घ्यावे लागले तर आणखी २६ वजा, म्हणजे १२ लाख. त्यातून दोन्हीकडची दलाली, सामान हलवणं, नव्या घरातलं फर्निचर. एफडीचे ४५ लाख एजंटच्या डोक्यात आहेत. पैशासाठी विकत असाल तर थांबा. जिन्यासाठी विकत असाल तर जरूर विका.

एक टक्का: मुद्रांकातली ही सवलत फक्त स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास, वाचतात ९५ हजार. पण विकणारे यजमान आणि घेणाऱ्या तुम्ही असं झालं की सूट नाकारली जाऊ शकते. न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. ९५ हजारांसाठी लाखोंची करसूट पणाला लावू नका. यजमानांचं नाव हवंच, पैसेही त्यांच्या खात्यातून जाऊ द्या.

मुदत: नवीन घर विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर झालं नाही तर न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात टाका. साध्या एफडीत ठेवली की सूट गेली, हे फार जणांचं होतं. नवीन घर तीन वर्षं विकायचं नाही.

कोयंडा: मुलाचं नाव घालू नका. तो अनिवासी, पुढे विकताना त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला नेहमीच्या १ टक्क्याऐवजी अनिवासींच्या दराने टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो, तेव्हा चांगले गिऱ्हाईक पळतात. शिवाय प्रत्येक सहीसाठी मुखत्यारपत्र. सोसायटीत नामनिर्देशन करा आणि मृत्युपत्र करा. नॉमिनी मालक होत नाही, म्हणून दोन्ही.

पुनर्विकासाबद्दल सभेची इतिवृत्तं मागा. सर्वसाधारण सभेचा ठराव, सल्लागार नेमला, व्यवहार्यता अहवाल आला, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर ५१ टक्के संमतीने विकासक ठरला: यातलं काही नसेल तर त्या चर्चेची किंमत शून्य. झालं असेल तर दोनदा सामान हलवायची तयारी ठेवा.

पायरी: मी म्हणेन, लगेच विकू नका. ११ महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्सवर द्या आणि लिफ्टच्या घरात भाड्याने राहून बघा. भाड्याने दिलं म्हणून वरची सूट जात नाही. ३० हजार भाडं आणि एक लाख अनामत धरली तर मुद्रांक ०.२५ टक्क्याने साधारण ८५० रुपये, नोंदणी १,०००. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. एक खोली कुलूप लावून सामानासाठी ठेवायची असेल तर करारात स्पष्ट लिहा, नाहीतर भाडेकरू तिसऱ्या महिन्यात चावी मागतो.

घर बघताना टेप घेऊन जा. १० बाय ११ फुटी खोलीत सहा फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट लावलं की उरतात दोन फूट. कपाटाचं दार उघडलं की उभं राहायला जागा नाही, आणि पलंग भिंतीला टेकवला तर आतल्या माणसाला रात्री दुसऱ्याला ओलांडून उठावं लागतं. पाच फुटी पलंग न्या किंवा तीन फुटी दोन.

न्हाणीघर सगळ्यात नीट बघा. दार बाहेर उघडणारं हवं, कडी बाहेरूनही काढता येईल अशी. माणूस आत दारालगत पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं. कमोडची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच. बाजूच्या भिंतीला ३२ ते ३८ मिमी जाडीचा स्टेनलेस ग्रॅब बार (आधाराला धरायचा दांडा), ३३ ते ३६ इंच उंचीवर. टॉवेलच्या दांडीला माणूस पेलत नाही. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट विटांची) असेल तर साधा फास्टनर सुटतो, त्या ब्लॉकसाठीचाच अँकर मागा. ड्रिलआधी प्लंबरकडून आतल्या पाइपची रेघ मारून घ्या आणि टाइलवर हॅमर मोड बंद ठेवा. गीझरच्या लाइनला ३० एमए आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, तेही बघा.

मोगरा_६०: सर्वांचे आभार. ग्रॅब बार भाड्याच्या घरात लावायला मालक ना म्हणाले तर?

पायरी: आधी विचारून करारातच लिहून घ्या: निघताना बार काढून भोकं टाइल-ग्राउटने बुजवून देऊ. बरेच जण मानतात. व्हॅक्यूमने चिकटणारे बार मात्र घेऊ नका. भार पडला की तेच आधी सुटतात.