डिस्क माझी, गेम माझा, मग कॉपी केला तर चोरी कशी?

फुंकर_मारा
गणपतीच्या आधी माळा काढला तर पीएस टू (सोनीचं जुनं गेमचं मशीन, प्लेस्टेशन 2) चा खोका हाताला लागला. दिवा लागतो पण लेन्स गेलीये, डिस्क घातली की किर्रर्र करतं आणि मग तो लाल स्क्रीन, की बाबा नीट डिस्क घाल. सोबत 23 डिस्क, पाचसहांवर बुरशीची नक्षी उठलीये, आमच्याकडचा पाऊस काही सोडत नाही. म्हटलं सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवू आणि इम्युलेटरवर खेळू (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका मशीनला दुसऱ्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर). तर भाचा म्हणतो मामा इल्लीगल आहे, युझूचं काय झालं बघितलं ना. युझू म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या गेमच्या मशीनचा इम्युलेटर, फेब्रुवारी 2024 ला निन्टेन्डोने अमेरिकेत केस ठोकली आणि आठवड्याभरात त्या लोकांनी 24 लाख डॉलर द्यायचं कबूल करून शटर खाली ओढलं.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे मी दिलेत. लोणचं या बरणीतून त्या बरणीत भरलं तर चोरी होते का?

पुणेरी_पिक्सेल
लोणचं दुसऱ्या बरणीत गेलं की पहिली रिकामी होते काका. फाईल कॉपी केली की दोन्ही भरलेल्या राहतात आणि दुसरी गल्लीभर फिरते. मी गेम बनवतो म्हणून बोलतोय. तिघांनी दोन वर्षं राबून काढलेला गेम, किंमत 349, आणि रिलीजच्या दिवशी संध्याकाळी एका ग्रुपवर लिंक पडली, वर खाली स्माईली "घ्या मित्रांनो, डेव्हलपरला सपोर्ट करा". आणि युझूवाले काय साधुसंत नव्हते. मे 2023 ला स्विचवरचा झेल्डाचा नवा गेम दुकानात यायच्या आधीच लीक झाला, निन्टेन्डोच्या दाव्यात तर दहा लाखांवर डाउनलोडचा आकडा आहे. इतक्या सगळ्यांनी आपापल्या डिस्कवरून कॉपी काढली म्हणता?

ॲड_हॉक
दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालताय. इम्युलेटर वेगळा, गेमची फाईल वेगळी.

इम्युलेटर बनवणं हा गुन्हा नाही हे अमेरिकेत कोर्टात घासून झालंय. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने 1999 ला मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर आणलं, सोनीने खेचलं कोर्टात, आणि 2000 साली अपिलात सोनी हरली. कोर्टाने म्हटलं की आपलं सॉफ्टवेअर जुळवून घ्यायला दुसऱ्याच्या कोडची मधल्या टप्प्यावर कॉपी केली तर तो न्याय्य वापर. (मग सोनीने ते सॉफ्टवेअरच विकत घेऊन बंद केलं. ब्लीम नावाचे दुसरे होते, तेही सोनीसमोर टिकले पण वकिलांच्या बिलांनी मेले. कायदा तुमच्या बाजूने असणं आणि तुम्ही जिवंत राहणं या दोन गोष्टी आहेत.)

मग युझू का अडकलं? तर स्विचचा गेम एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद असतो, तो उघडायला मशीनमधल्या किल्ल्या लागतात, आणि अमेरिकेत 1998 च्या कायद्याने कुलूप फोडणं हाच वेगळा गुन्हा. निन्टेन्डोचा सगळा भर तिथे होता. निकाल लागलाच नाही, तडजोड झाली, त्यामुळे "इम्युलेटर बेकायदेशीर ठरले" हे भाच्याला नीट समजावून सांगा.

आता आपल्याकडे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1), पोटकलम एए आणि एडी वाचा. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रामची बॅकअप कॉपी काढता येते, आणि स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यापारी, वैयक्तिक वापरासाठीही कॉपी चालते. कुलूप फोडण्यावर 2012 पासून कलम 65ए आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, पण तिथे हक्कभंगाचा इरादा लागतो. अमेरिकेपेक्षा आपला कायदा इथे बराच मवाळ आहे. त्यात पीएस टू च्या डिस्कला कुलूप म्हणावं असं फारसं नाहीच, पीसीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह वाचतो.

पुणेरी_पिक्सेल
ॲड_हॉक साहेब, "स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या" हे चार वेळा लिहा, कारण लोक तेवढंच गाळून वाचतात.

लॅमिंग्टन_रिटर्न
हे सगळं ठीक आहे पण मुळात घ्यायचं कुठून ते सांगा ना. क्रिकेट 2007, अख्ख्या पिढीने खेळलाय, त्याचा पुढचा भाग ईएने (तो काढणारी कंपनी) काढलाच नाही आणि तोही आता कुठे विकत मिळत नाही. अमेरिकेत 2023 ला गेम जतन करणाऱ्या एका संस्थेने अभ्यास केला, 2010 च्या आधी तिथे निघालेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारातच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान बंद केलं. म्हणजे विकणार पण नाही आणि ठेवू पण देणार नाही, मग ते गेम जायचे कुठे, पाण्यात? ज्यांना तुम्ही पायरेट म्हणता त्यांच्याच हार्ड डिस्कवर ते राहिलेत. आणि गंमत बघा, सोनीने 2018 ला प्लेस्टेशन क्लासिक म्हणून छोटा डबा विकायला काढला त्याच्या आत इम्युलेटर कुठला होता तर लोकांनी फुकटात लिहिलेला ओपन सोर्सवाला!

पुणेरी_पिक्सेल
बाजारात नाही म्हणून फुकट? माझ्या आजोबांची गावची जमीन पण विकायला नाहीये, म्हणून तुम्ही तिथे नांगर घालणार का. जतन करायचंय तर लायब्ररीला, संग्रहालयाला परवानगी मागा, त्याला माझाही पाठिंबा आहे. पण जतनाच्या नावाखाली जे चालतं ते काय मला माहीत नाहीये का, एका रात्रीत आठशे गेम उतरवतात आणि खेळतात दोन. सोनीचं म्हणाल तर ते लायसन्सच्या अटी पाळून वापरलं असेल तर त्यात चोरी कुठली, उलट माझाच मुद्दा आहे, अटी पाळा.

लॅमिंग्टन_रिटर्न
परवानगी मागा म्हणे. ऑक्टोबर 2024 ला तिकडच्या कॉपीराइट ऑफिसकडे मागितलीच होती की, लायब्ररीतले जुने गेम अभ्यासकांना घरून बघू द्या म्हणून. नाही म्हणाले.

ॲड_हॉक
मागणी आधीची, नकार ऑक्टोबरचा. बाकी बरोबर. फुंकर_मारा, एक विचारायचं राहिलं, त्या 23 डिस्क ओरिजिनल आहेत ना?

फुंकर_मारा
...

कळफलक_काकू
😂😂 गेले काका

फुंकर_मारा
आता खोटं कशाला बोलू. मशीन घेतलं तेच चिप मारलेलं (म्हणजे नकली डिस्क चालाव्यात म्हणून आत चिप बसवलेलं) होतं, दुकानदारानेच विचारलं मारून देऊ का. तेव्हा आमच्याकडे पीएस टू घेणारा प्रत्येक जण तेच करायचा, 50 रुपयाला डिस्क, वर मार्करने नाव लिहिलेलं. 23 मधल्या ओरिजिनल 4 आहेत.

ॲड_हॉक
मग उरलेल्या 19 ना एडी लागू नाही. उलट नकली प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरलीत तर कलम 63बी, 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरात बसून जुना गेम खेळणाऱ्याच्या दारात कोणी येत नाही हा भाग वेगळा, पण कायदा विचारलात म्हणून सांगितला.

फुंकर_मारा
म्हणजे पैसे मी दिले ते पण पाण्यात, आणि चोर पण मीच. बरं, चार तर चार. काल रात्री पहिल्या तीन नीट उतरल्या. चौथी क्रिकेट 2007, खाकी-पिवळा डाग पडलाय कडेला, 64 टक्क्यांवर अडकते आणि ड्राइव्ह टकटक वाजतो. तीच फाईल नेटवर पडलीये, भाचा म्हणतो मामा आता करा डाउनलोड, डिस्क तर तुमचीच आहे. यात कोणाचं काय नुकसान?

ॲड_हॉक
बिट अन् बिट तीच असली तरी ती तुमच्या प्रतीवरून काढलेली नाही. एडी तिथे थांबतं.

लॅमिंग्टन_रिटर्न
करा हो डाउनलोड. काय ते बिट अन् बिट.

पुणेरी_पिक्सेल
थांबा थांबा. आधी मऊ कापडाने पुसून घ्या, मधून कडेकडे, गोल गोल नाही. ओरखडा असेल तर टूथपेस्ट लावा, साधी पांढरी, जेल नको. आणि ड्राइव्हचा स्पीड अगदी कमी ठेवून परत वाचायला लावा, रात्रभर लागला तरी चालेल. सकाळी सांगा किती टक्क्यावर गेलं.